विसाव्या ग्लासात चार

पोटॅशियम परमँगनेटचे दोन-तीन बारीक खडे, काचेचे काही ग्लास, सुई नसलेली सिरिंज आणि नळाचं पाणी. एवढ्या सामानावर नववीतल्या मुलांना पदार्थाच्या पोटात शिरता येतं. एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात पहिल्याच धड्यात हा प्रयोग अनेक वर्षं दिलेला होता. १०० मिलिलिटर पाण्यात खडे टाकायचे आणि ढवळायचं, की पाणी गडद जांभळं होतं. त्यातलं १० मिलिलिटर उचलून दुसऱ्या ग्लासातल्या ९० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात घालायचं. मग दुसऱ्यातलं १० तिसऱ्यात, तिसऱ्यातलं १० चौथ्यात. दर ग्लासाला रंग आधीच्या दहाव्या हिश्शावर येतो. पाचव्या ग्लासापर्यंत पाणी साधं दिसायला लागतं, मुलं वहीत लिहितात की पदार्थ अतिशय सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, आणि तास संपतो.

मला वाटतं, खरा प्रयोग तिथून पुढे सुरू होतो. रंग गेला म्हणून थांबू नये. बाकावर वीस ग्लास मांडावेत, पाणी दहा-दहा मिलिलिटर पुढे सरकवत राहावं आणि प्रत्येक ग्लासाखाली कागदाच्या पट्टीवर एक आकडा लिहावा.

तो आकडा काढायला अवघड काही लागत नाही. सगळे खडे मिळून १० मिलिग्रॅम भरले असं धरू. खडा पाण्यात गेला की त्यातले पोटॅशियम आणि परमँगनेट सुटे होतात. जांभळा रंग परमँगनेटचा, म्हणून आपण तेच मोजू. १० मिलिग्रॅममध्ये परमँगनेटचे कण भरतात सुमारे ३८ वर १८ शून्यं. पहिल्या ग्लासाखाली हा आकडा लिहायचा, आणि पुढच्या प्रत्येक ग्लासाला एक शून्य खोडायचं. ज्या पाचव्या ग्लासात डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ३८ वर १४ शून्यं उरलेली असतात, म्हणजे ३८ कोटी गुणिले एक कोटी. आपण ‘रंग संपला’ म्हणतो तेव्हा ग्लासात एवढे कण फिरत असतात. दहाव्या ग्लासात ३,८०० कोटी. पंधराव्यात ३ लाख ८० हजार. अठराव्यात ३८०, एकोणिसाव्यात ३८. आणि विसाव्या ग्लासात चार.

चार म्हणजे सरासरीनं चार. कधी दोन येतील, कधी सहा. प्रत्यक्षात काही कण काचेला चिकटतील, काही पाण्यातल्या कचऱ्याशी अभिक्रिया करून संपतील, हेही मुलांना सांगितलंच पाहिजे. पण हिशेबाची वाट खरी आहे. शाळेच्या बाकावर, वीस पावलांत, ज्याला मोजता येत नव्हतं त्याला बोटांवर मोजण्यापर्यंत आणता येतं. एकविसाव्या ग्लासाकडे हात गेला की पहिल्यांदाच प्रश्न पडतो, की या पाण्यात तो पदार्थ आहे की नाही? वीस ग्लासांपर्यंत ‘किती आहे’ असं विचारता येत होतं. इथून पुढे ‘आहे का’ असं विचारावं लागतं.

दर वेळी आपण नव्वद मिलिलिटर मागे ठेवत गेलो, म्हणून हे वीस ग्लासांत भागलं. काहीही मागे न ठेवता तेच १० मिलिग्रॅम विसाव्या ग्लासाइतके विरळ करायचे ठरवले तर पाणी किती लागेल? दहा लाख घन किलोमीटर. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे जेमतेम तीन घन किलोमीटर. अशी तीन लाखांहून अधिक कोयना धरणं भरावी लागतील, आणि तरीही त्यातल्या कुठल्याही १०० मिलिलिटरमध्ये सरासरी चार कण सापडतील. एकाच कोयनेत ते खडे सारखे मिसळले, तर दर १०० मिलिलिटरच्या वाट्याला बारा लाखांहून जास्त येतील.

एवढ्या मोठ्या संख्यांची आपल्याकडे भीती नव्हती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, संख्यांची नावं एककापासून दहा-दहा पटींनी चढत परार्धापर्यंत जातात. त्या यादीतलं शेवटचं नाव परार्ध, म्हणजे एकावर १७ शून्यं. आता ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब तळहातावर घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर या एका थेंबात पाण्याचे रेणू आहेत १६,७०० परार्ध. सर्वांत मोठ्या नावालाही सोळा हजारांहून अधिक वेळा वापरावं, तेव्हा कुठे एक थेंब पुरा होतो.

मोजायला बसायचं म्हटलं तर? जगातल्या ८०० कोटी माणसांनी, तान्ह्या मुलांसकट, दर सेकंदाला एक या वेगानं, झोप आणि जेवण सोडून मोजलं तरी ६,६०० वर्षं लागतील. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं उभी राहिली त्याच्या दोन हजार वर्षं आधी ही मोजणी सुरू झाली असती, तर ती आत्ता कुठे संपत आली असती. तोवर थेंब सुकून जाईल, ही गोष्ट वेगळी. आणि सुकण्याचाही हिशेब आहेच. थेंब तासाभरात वाळला असं मानलं, तर दर सेकंदाला साडेचार परार्धांहून जास्त रेणू पाण्यातून सुटून हवेत गेले. फरशीवर सांडलेला थेंब ‘आपोआप’ वाळतो तेव्हा तिथे हे चाललेलं असतं.

इथे वर्गातलं एखादं चौकस मूल विचारतं, की हे मोजलं कुणी? हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर शिक्षकांनी स्वतः विचारावा. कारण याचं उत्तरही परातीत आणि पट्टीनं काढता येतं.

बेंजामिन फ्रँकलिन लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यावर गेला आणि त्यानं पाण्यावर चमचाभर तेल ओतलं. तेल पसरत पसरत अर्ध्या एकरावर गेलं, म्हणजे आपल्या हिशेबानं वीस गुंठे. त्या भागातल्या लाटा विरून पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ साली हे छापून आलं. फ्रँकलिनला लाटा शांत करण्यात रस होता, त्यामुळे त्यानं साधा भागाकार केला नाही. पाच मिलिलिटर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं, तर थराची जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चार लाखावा भाग. त्याहून पातळ होणं तेलाला शक्यच नसेल, थर एका रेणूच्या जाडीचा झाला असेल, तर रेणूचं माप त्याच्या हातात आलेलं होतं. ते वाचलं जायला शंभरहून अधिक वर्षं गेली. १८९० साली लॉर्ड रॅले यांनी पाण्यावरच्या ऑलिव्ह तेलाचा थर मोजला, तो भरला सुमारे १.६ नॅनोमीटर.

या गोष्टीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी व्यक्ती रॅले नाही, आग्नेस पॉकेल्स आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची ही मुलगी. तिथल्या मुलींना त्या काळी विद्यापीठाचे दरवाजे बंद होते, त्यामुळे ती घरकाम सांभाळून घरीच प्रयोग करायची. पाण्यानं भरलेलं एक पत्र्याचं पसरट भांडं, पृष्ठभागावर सरकवायची धातूची एक पट्टी, आणि पृष्ठताण मोजायला तराजू. पाण्यावर तेलाचा थर पसरवून तो पट्टीनं हळूहळू दाबत नेला की एका ठरावीक ठिकाणी पृष्ठताण झपकन बदलतो, हे तिनं मोजून दाखवलं. १८९१ च्या जानेवारीत तिनं रॅलेंना जर्मनमधून पत्र लिहिलं. रॅलेंनी ते भाषांतर करवून ‘नेचर’कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. स्वयंपाकघराच्या आसऱ्यानं झालेलं हे काम पुढे पृष्ठभागांच्या सगळ्या शास्त्राचा पाया ठरलं. सामान नाही म्हणून आमच्या शाळेत प्रयोग होत नाहीत, असं कुणी म्हणालं की मला तिचं ते पत्र्याचं भांडं आठवतं.

आपल्याला फार तर स्टीलची परात लागेल. १ मिलिलिटर ओलिइक आम्ल अल्कोहोलमध्ये घालून २० मिलिलिटर करायचं. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन पुन्हा २० मिलिलिटर करायचं. आता आम्ल चारशे पट विरळ झालं. परातीत पाणी भरून वर टाल्कम पावडर अगदी हलकी भुरभुरायची आणि मधोमध एक थेंब सोडायचा. पावडर कडेला सरकते आणि एक स्वच्छ वर्तुळ उघडतं. अल्कोहोल विरून जातं आणि आम्लाचा थर मागे राहतो. समजा अशा ५० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, आणि वर्तुळाचा व्यास पट्टीनं १८ सेंटिमीटर भरला. गुणाकार-भागाकार करा, जाडी येते २ नॅनोमीटर, मिलिमीटरचा पाच लाखावा भाग. ओलिइक आम्लाचा रेणू खरोखरच जवळजवळ एवढ्या लांबीचा आहे. डोळ्यांना कधीही न दिसणारी वस्तू शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजून होते. हे पाहिलेलं मूल पुढे अणू-रेणूंवर नुसतं पुस्तकात लिहिलंय म्हणून विश्वास ठेवणार नाही. त्यानं त्यांचं माप घेतलेलं असेल.

इतर मोजमापांनी हे काटेकोर होत गेलं. १८६५ मध्ये लोशमिट यांनी हवेतल्या रेणूंच्या आकाराचा पहिला चांगला अंदाज बांधला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जाँ पेरँ यांनी पाण्यात थरथरणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल टिपून रेणूंची संख्या वेगळ्या वाटेनं काढली. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे तीन-चार चमच्यांत, किती रेणू असतात ते सांगणारी ही अवोगाड्रोची संख्या. २० मे २०१९ पासून ती कायमची ठरवून टाकलेली आहे. ६०,२२,१४,०७६ आणि त्यावर १५ शून्यं, एकही कमी नाही की जास्त नाही.

आता पदार्थाच्या अवस्थांच्या तक्त्यातल्या तीन चौकोनांकडे येऊ. स्थायू, द्रव, वायू. विज्ञान प्रदर्शनात हा तक्ता हमखास असतो. पहिल्या चौकोनात थर्माकोलचे गोळे खेटून चिकटवलेले, दुसऱ्यात जरा सुटे, तिसऱ्यात अजून थोडे सुटे. मुलं मेहनत घेतात, पण चित्र चुकीचं बनतं. द्रव हा स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मध्ये बसतो असं त्यातून वाटतं, आणि तसं मुळीच नाही.

प्रमाणात काढायचं असेल तर गोट्या घ्या. दीड सेंटिमीटरची एक गोटी म्हणजे पाण्याचा एक रेणू. अशा आठ हजार गोट्या, वीस ओळी, वीस रांगा, वीस थर. तीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात त्या मावतात. हे झालं द्रवरूप पाणी. याचा बर्फ झाला तर? इतर बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र नऊ टक्क्यांनी फुगतं, त्यामुळे गोट्या आणखी खेटत नाहीत, उलट खोक्याची उंची पावणेतीन सेंटिमीटरनं वाढते. बर्फ आणि पाणी यांच्यात अंतराचा फरक आहे तो एवढाच, आणि तोही तक्त्यातल्या चित्राच्या उलट्या दिशेचा. आता याच पाण्याची १०० अंशांवर वाफ करू. त्याच आठ हजार गोट्यांना साडेतीन मीटरांहून थोडी जास्त लांब, रुंद आणि उंच अशी अख्खी खोली लागेल. गोटीपासून गोटी सरासरी अठरा सेंटिमीटरांवर. आकारमान सोळाशे पटींहून जास्त. खोक्यातून खोलीत जाणं ही खरी उडी आहे. तक्त्यावर वायूचा चौकोन काढायचा असेल, तर तो कागदावर मावणारच नाही. मुलांना भिंतीकडे बोट दाखवून सांगावं लागेल, की ही खोली म्हणजे तिसरा चौकोन.

याच प्रमाणात आपला थेंब किती मोठा होईल? दोनशे वीस किलोमीटर व्यासाचा. पुण्यापासून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण एवढंच दूर आहे, आणि तेवढीच त्या थेंबाची उंची, म्हणजे एकावर एक पंचवीस एव्हरेस्ट. सगळा आतून गोट्यांनी गच्च. थेंब तळहातावर घेणारी १४० सेंटिमीटर उंचीची मुलगी या प्रमाणात अडुसष्ट हजार किलोमीटर उंच होते. तिच्या उंचीत पाच पृथ्व्या एकावर एक बसतील.

आता सिरिंज. दट्ट्या १० मिलिलिटरच्या खुणेवर ठेवून, तोंड बोटानं घट्ट दाबून दट्ट्या ढकला. आत हवा असेल तर तो ५ पर्यंत जातो, त्याला दोन किलोच्या आसपास जोर पुरतो. कारण हवा म्हणजे बहुतांशी मोकळी जागा. आत पाणी भरून तेवढाच जोर लावा. दट्ट्या हलत नाही असं वाटतं. तो हलतो, पण १० मिलिलिटर पाणी त्या दाबानं आकसतं ते एका थेंबाच्या शंभराव्या भागाइतकंच. हवेचं निम्मं आणि पाण्याचं थेंबाच्या शंभराव्या भागाइतकं, हा फरक मुलांच्या अंगठ्याला कळतो. तेवढा कुठल्याही तक्त्यावरून कळत नाही.

मग एवढी मोकळी जागा असताना हवा दट्ट्याला मागे का ढकलते? रेणू स्थिर नसतात म्हणून. खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला ४७० मीटर धावतो, ताशी सुमारे १,७०० किलोमीटर, आवाजापेक्षाही वेगानं. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला सुमारे ३ वर २३ शून्यं इतक्या धडका बसतात. आपल्या कपाळावर, वहीच्या पानावर, फुग्याच्या आतून, सगळीकडे.

इथे एक कोडं आहे आणि ते कापरानं घालता येतं. कापूर स्थायूतून सरळ वायूत जातो, शाळेत संप्लवन शिकवायला तोच घेतात. एक ग्रॅमची वडी पूर्ण उडून त्या साडेतीन मीटरांच्या खोलीत सारखी पसरली, तर हवेच्या साधारण तीन लाख रेणूंमागे कापराचा एक रेणू येतो. तेवढ्यानंही खोली घमघमते. पण रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगानं धावत असतील, तर वडी उघडल्याक्षणी कोपऱ्यातल्या मुलाला वास का येत नाही?

कारण त्याला रस्ता मोकळा मिळत नाही. हवेतला रेणू सरासरी ६८ नॅनोमीटर गेला की दुसऱ्याला धडकतो आणि दिशा बदलतो. एका सेकंदात अशा ७०० कोटी टकरा होतात. कुणी त्या दर सेकंदाला एक अशा सावकाश मोजत बसलं, तर एका रेणूच्या एका सेकंदाची मोजणी संपायला २२० वर्षं लागतील. इतक्या वेळा वळण घेणारा रेणू धावतो खूप, पण पोचत नाही कुठेच. खोलीत वारा, पंखा, माणसांची हालचाल अजिबात नसेल, तर केवळ या टकरांच्या भरवशावर कापराला तीन मीटर ओलांडायला काही दिवस लागतील. आपल्याला वास मिनिटभरात येतो तो हवेच्या झुळकीमुळे. वर्गात घड्याळ लावून, पंखा बंद ठेवून आणि मग चालू करून, हे मुलांना सहज पाहता येतं.

उष्णतेचे आकडे इतके मोठे नाहीत, पण ते बुद्धीला जास्त धक्का देतात. शून्य अंशावरचा अर्धा किलो बर्फ आणि ८० अंशांवरचं अर्धा किलो पाणी एकत्र केलं, तर मिश्रणाचं तापमान किती येईल? बहुतेक मुलं ४० सांगतात. उत्तर आहे शून्य. गरम पाण्याची सगळी ऊब बर्फाचा क्रम मोडण्यात खर्च होते आणि हाती एक किलो गार पाणी राहतं. ग्लासगो विद्यापीठात १७६० च्या दशकात जोसेफ ब्लॅक यांनी ही दडलेली उष्णता मोजली. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, ते पाणी उकळीपर्यंत न्यायला १००, आणि त्याची वाफ करायला ५४०. खोक्यातून खोलीत जाण्याची किंमत ही अशी असते. म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर असतो, आणि म्हणूनच माठ गार राहतो. माठातून फक्त १० ग्रॅम पाणी उडालं आणि त्यासाठीची सगळी उष्णता आतल्या एका लिटरनं दिली, तर ते लिटर पाच-सहा अंशांनी उतरतं.

प्रत्येक गोष्ट तीन चौकोनांत बसते का? नाही, आणि याचं जगातलं सर्वांत चिकाटीचं प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठीच मांडलं गेलं होतं. १९२७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी डांबरासारखा काळा पदार्थ तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला. हातोडी मारली तर त्याच्या ठिकऱ्या उडतात. तीन वर्षं तो बसू दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं तोंड कापलं. पहिला थेंब १९३८ मध्ये पडला. नववा २०१४ मध्ये. चौऱ्याऐंशी वर्षांत नऊ थेंब. हिशेब केला तेव्हा हा द्रव पाण्यापेक्षा २३,००० कोटी पट घट्ट निघाला. १९६१ पासून या प्रयोगाची निगराणी करणारे जॉन मेनस्टोन २०१३ मध्ये वारले, त्यांनी एकही थेंब प्रत्यक्ष पडताना पाहिला नाही. २००० साली थेंब सुटला तेव्हा कॅमेरा बंद पडलेला होता. स्थायू की द्रव, हे आपण किती वेळ पाहायला तयार आहोत यावरही ठरतं. ही गोष्ट चौदाव्या वर्षी कळली तर फार बरं.

चौथी अवस्था प्लाझ्मा ट्यूबलाइटच्या नळीत आहे आणि सूर्यात आहे. पाचव्या अवस्थेचं गणित १९२४ मध्ये ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या शोधनिबंधातून निघालं. ते प्रयोगशाळेत उतरायला १९९५ साल उजाडलं. कोलोरॅडोमध्ये रुबिडियमचे अवघे दोन हजारांच्या आसपास अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यवधीव्या भागापर्यंत थंड केले गेले आणि ते सगळे एकच असल्यासारखे वागू लागले. थेंबात १६,७०० परार्ध रेणू, आणि नव्या अवस्थेसाठी दोन हजार अणू पुरले. आपले ग्लास असते, तर हा सतरावा आणि अठरावा यांच्या मधला टप्पा.

पदार्थाची दोन्ही टोकं पाहायची असतील तर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जावं. तिथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजेच जीएमआरटीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं आणि शाळांची मुलं आपापली मॉडेलं घेऊन येतात. वर आकाशाकडे तोंड केलेल्या त्या तबकड्या पल्सार ऐकतात. पल्सार म्हणजे वेगानं फिरणारे न्यूट्रॉन तारे, ज्यांच्या पोटातलं थेंबभर द्रव्य एक कोटी टनांहून जड आहे. तिथे गोट्यांमध्ये तर फट नाहीच, गोट्यांच्या आतलीही सगळी मोकळी जागा संपलेली आहे.

आणि त्याच तबकड्या दुसऱ्या टोकाचा वायूही ऐकतात. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत सरासरी एका घन सेंटिमीटरला हायड्रोजनचा एखादा अणू असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. हायड्रोजनचा एकटा अणू स्वतःहून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, पण त्यासाठी त्याला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं वाट पाहावी लागते. एवढा कंजूष अणू कुणाला ऐकू यावा? पण सूर्याच्या वजनाइतका हायड्रोजन जमला तर त्यात दर सेकंदाला असे २६ वर ४१ शून्यं इतके संकेत निघतात, आणि एका दीर्घिकेत असे कित्येक कोटी सूर्यांच्या वजनाचे ढग असतात. खोडदच्या मैदानात मॉडेल घेऊन उभ्या असलेल्या मुलांच्या डोक्यावरून तेच संकेत तबकड्यांत उतरत असतात. तबकड्या मात्र मोजतात एकेक अणू नाही, त्यांची एकूण संख्या.